गंजिफा ते एकवीस : पानांच्या गणनेतील स्थूल आणि सूक्ष्म पद्धती

द्यूताचा इतिहास लिहिताना आपल्याकडील अभ्यासक बहुधा दोन वाटांनी जातात. एक वाट धर्मशास्त्राची; तीवर निषेध, दंड आणि प्रायश्चित्त यांचा विचार होतो. दुसरी वाट कलेच्या इतिहासाची. तीवर फासे, पट, सोंगट्या आणि रंगीत पाने यांचे वर्णन येते. या दोन्ही वाटांनी जाऊन पुष्कळ मौलिक माहिती हाती आली आहे यात शंका नाही. परंतु खेळणाऱ्याच्या मनात डाव चालू असता काय घडत होते, या प्रश्नाकडे त्यामानाने फार थोडे लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या एका लहानशा भागाचा विचार करावयाचा आहे. तो भाग म्हणजे खेळून गेलेली पाने ध्यानात ठेवण्याची विद्या, आणि त्या विद्येतील एक जुना पेच : थोडे ध्यानात ठेवावे व ते बिनचूक ठेवावे, की पुष्कळ ध्यानात ठेवावे व चुकण्याचा धोका पत्करावा?

अमेरिकेत ‘ब्लॅकजॅक’ अथवा ‘एकवीस’ या खेळाच्या निमित्ताने गेली साठ वर्षे या प्रश्नाचा गणिती ऊहापोह चालू आहे. त्यावरून हा प्रश्न आधुनिक, यंत्रयुगातला आणि परदेशी आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज बरोबर नाही. दख्खनमध्ये शहाण्णव पानांची गंजिफा खेळणाऱ्यांपुढे हाच पेच वेगळ्या रूपाने उभा होता. दोन्ही ठिकाणी निवड ठरविणारी गोष्ट पद्धतीची गणिती सूक्ष्मता ही नसून डावाचा वेग, पानांची संख्या आणि मनुष्याच्या अवधानाची मर्यादा ही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभी एका सुपरिचित कथेची आठवण करून देणे आवश्यक वाटते. महाभारताच्या वनपर्वात नळोपाख्यान आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून विदर्भाकडे निघाला आहे आणि बाहुकाच्या वेषातील नळ त्याचे सारथ्य करीत आहे. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. त्या झाडाच्या दोन फांद्यांवर पाने किती आणि फळे किती हे ऋतुपर्ण रथात बसल्या बसल्या सांगतो. फळांचा आकडा २०९५ असा आहे. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवितो, झाड तोडतो आणि एकेक फळ मोजून पाहतो. आकडा तंतोतंत जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय ही विद्या देतो आणि मोबदल्यात अश्वहृदय मागून घेतो.

ही कथा नैषधचरित्राच्या रसिकांना अनेक कारणांनी प्रिय आहे. पण इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या कल्पनेचा उगम शोधताना १९७५ साली तिच्याकडे पाश्चात्त्य वाचकांचे लक्ष वेधले ते वेगळ्याच कारणाने. द्यूतातील कौशल्य आणि नमुन्यावरून संख्येचा अंदाज करण्याची कला यांचा संबंध या कथेत स्पष्ट सांगितला आहे. बेहड्याची फळे हेच प्राचीन काळचे फासे होते. मूठभर फळे उचलून त्यांची संख्या चाराने भागली जाते की काही उरते, यावर डाव ठरत असे. तेव्हा ढिगाकडे पाहताच संख्या ओळखणारा मनुष्य इतरांपेक्षा वरचढ ठरणार हे उघड आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या प्रसंगातील दोन पात्रे दोन पद्धतींची प्रतिनिधी आहेत. ऋतुपर्ण नजरेने अदमास करतो आणि त्याचा रथ थांबत नाही. नळ एकेक फळ मोजतो, पण त्यासाठी त्याला प्रवास थांबवून झाड तोडावे लागते.

आता गंजिफेकडे वळू. या खेळाचा हिंदुस्थानातील पहिला निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या सुमारास येतो. सिंधमधील शाह हुसेनाला ही पाने आवडत असल्यामुळे बाबराने ती त्याच्याकडे पाठविली. अबुल फज्लाने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या जोडाचे वर्णन केले आहे : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे बारा अधिपती आणि प्रत्येकाची बारा पाने, मिळून १४४. बादशहाने त्यात केलेले फेरफारही त्याने नोंदविले आहेत आणि त्याबरोबर आठ रंग दिले आहेत. पुढे देशभर रूढ झाला तो हा आठ रंगांचा, ९६ पानांचा जोडच. बारा रंगांचा जोड दरबारी वैभवाला शोभणारा होता. खेळणाऱ्याच्या स्मरणशक्तीला तो कितपत पेलत असेल याची शंका येते. आठ रंगांचा जोड का टिकला याची कारणे अनेक असतील, त्यांत हेही एक असावे असा तर्क करावयास हरकत नाही.

मराठी प्रदेशात या आठ रंगांच्या गंजिफेस चंगकांचनी हे नाव पडले. तिच्या जोडीला दशावतारी गंजिफा प्रचारात आली. तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग व १२० पाने असतात. कापडाच्या किंवा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ देऊन, त्यांवर रंग चढवून आणि शेवटी लाखेचा लेप देऊन ही वाटोळी पाने चितारी लोक तयार करीत. सावंतवाडी हे या कलेचे आपल्याकडील प्रमुख केंद्र होय. तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ती जवळजवळ नामशेष झालेली असता पुन्हा उभी केली. निजामाच्या राज्यात निर्मळ येथेही ही पाने होत असत. पुढे मराठवाड्याच्या वाट्याला आलेल्या कायद्याच्या संदर्भात त्या राज्याचा उल्लेख पुन्हा करावयाचा आहे. कलेच्या अंगाने या सर्वांवर रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी केलेले काम अभ्यासकांस ठाऊकच आहे. येथे आपल्याला खेळाच्या अंगाने पाहावयाचे आहे.

चंगकांचनीचे आठ रंग असे : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. प्रत्येक रंगात मीर व वजीर ही दोन चित्रे आणि एकपासून दहापर्यंत साधी पाने. पहिल्या चार रंगांत वजिराखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या चारांत याच्या उलट. तेथे वजिराखाली एक्का येतो आणि दश्शी तळाशी जाते. तिघांनी खेळावयाचे असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ पाने येतात. दिवसा सुर्खाचा मीर आणि रात्री सफेदाचा मीर ज्याच्या हाती असेल त्याची पहिली उतारी. दशावतारीत हाच मान दिवसा रामाला आणि रात्री कृष्णाला आहे. आजच्या बावन्न पानी खेळांतल्याप्रमाणे एखादा रंग हुकूम म्हणून इतर सर्वांवर चढत नाही, आणि रंगात रंग देण्याचे बंधनही नाही. यामुळे खेळाचे सारे मर्म एकाच गोष्टीत येऊन ठेपते : अमुक रंगात या घटकेस शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान कोणते? ते ज्याच्या हाती आहे आणि तसे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हात निश्चित होतो. ज्याच्या हाती आहे पण ज्याला ठाऊक नाही, तो ते हलके समजून फेकून देतो.

पानांच्या स्मरणाची स्थूल पद्धती येथे आपोआप सिद्ध होते. खेळाडूने शहाण्णव पाने ध्यानात ठेवण्याची गरज नाही. आठ रंगांची आठ श्रेष्ठ पाने ध्यानात ठेवली म्हणजे काम भागते. मीर गेला की वजीर, वजीर गेला की दश्शी, अशी खूण एकेक पायरी खाली सरकवीत जावयाचे. उलट क्रमाच्या चार रंगांत हीच पायरी एक्क्याकडून दश्शीकडे जाते, एवढेच भान ठेवावे लागते. हे भान डावाच्या उत्तरार्धात सुटते, हे गंजिफा थोडीफार खेळलेल्या कोणासही मान्य होईल.

परंतु या पद्धतीत एक छिद्र आहे. समजा, ताज रंगातील मीर आणि वजीर खेळून झाले; दश्शी कोणाच्या तरी हाती आहे. मध्येच एका भिडूने नाइलाजाने ताजाची नव्वी टाकली. स्थूल पद्धतीने खेळणाऱ्याची खूण दश्शीवर आहे. नव्वी गेल्याने ती हलत नाही, म्हणून तो तिची नोंद घेत नाही. पुढे दश्शी पडते. आता श्रेष्ठ पान अठ्ठी हे आहे. पण आपला गडी खूण एक पायरी खाली आणून नव्वीवर ठेवतो आणि हातातली अठ्ठी दुय्यम समजून दडवून ठेवतो. एक हक्काचा हात त्याने गमावला. हे टाळावयाचे तर श्रेष्ठ पानाबरोबरच खाली पडलेल्या पोकळ्यांचीही नोंद ठेवली पाहिजे. तीच सूक्ष्म पद्धती. तिच्या टोकाला गेल्यास शहाण्णवपैकी प्रत्येक पानाचा हिशेब मनात ठेवावा लागतो.

येथे पेच स्पष्ट होतो. पोकळ्यांची नोंद ठेवणारा खेळाडू स्थूल पद्धतीने खेळणाऱ्यापेक्षा अधिक जाणतो. पण आठ रंगांच्या पोकळ्या मनात ठेवताना एखाद्या रंगाची मूळ खूणच विसरला तर तो जितके कमावतो त्याहून अधिक घालवितो. शहाणा खेळाडू म्हणून मधला मार्ग धरील. ज्या रंगांची मधली पाने आपल्या हाती आहेत त्याच रंगांतील पोकळ्या त्याने ध्यानात ठेवाव्या. ज्या रंगात आपल्याकडे केवळ कचरा आहे त्या रंगात पोकळ्या पडोत की न पडोत, त्याचे काय अडते? सूक्ष्मता हवी, पण ती आपला लाभ जेथे आहे तेथेच हवी. हा विचार पुढे अमेरिकेत फार वेगळ्या परिभाषेत मांडला गेला.

दशावतारी गंजिफेविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. तिच्यात रंग दोन अधिक, म्हणजे भार अधिक. तरीही ती लोकप्रिय झाली. धार्मिक भावना हे त्याचे उघड कारण आहे. परंतु मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह हा क्रम प्रत्येक घरातील मुलास पाठ असे, आणि पाठ असलेला क्रम म्हणजे स्मरणासाठी आयत्या ठोकलेल्या दहा खुंट्याच होत. किमाश आणि बरात यांच्यात आधी काय आणि नंतर काय हे आठवावे लागते; वामन आणि परशुराम यांच्या बाबतीत आठवावे लागत नाही. स्मरणाचा भार केवळ वस्तूंच्या संख्येवर अवलंबून नसतो, तो त्या वस्तू मनात कशा रचून ठेवल्या आहेत यावरही असतो.

बावन्न पानांचा युरोपीय जोड, ज्याला आपण बोलीभाषेत कॅट म्हणतो, तो प्रचारात आल्यावर गंजिफा मागे पडली. इस्पिक, किलवर, बदाम आणि चौकट या चार रंगांत खेळताना स्मरणाचा भार निम्म्याने कमी झाला. या नव्या जोडातील आपल्या घरगुती खेळांतही स्थूल गणना आहेच. मेंढीकोटात चार दश्श्या, म्हणजे चार मेंढ्या, किती बाहेर पडल्या आणि कोणाकडे गेल्या एवढे लक्षात ठेवले की निम्मा डाव कळला. आजोळी सुट्टीत पत्ते कुटणारी मुलेही एवढी गणना सहज करतात आणि आपण गणना करीत आहोत हे त्यांच्या गावीही नसते.

एकवीस या खेळाच्या शास्त्राचा आरंभ एका अर्थी मेंढ्या मोजण्यापासूनच झाला. त्या खेळात प्रत्येक खेळाडूचा सामना पाने वाटणाऱ्याशी, म्हणजे जुगारगृहाशी असतो. पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता वाटणाऱ्यापेक्षा अधिक करावयाची. वाटणाऱ्याला स्वतःची बुद्धी चालविण्याची मुभा नाही. बेरीज सतरा होईपर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे. एक्का आणि दहा गुणांचे पान पहिल्या दोन पानांतच आले तर खेळाडूस दीडपट रक्कम मिळते. एकदा खेळलेली पाने पुन्हा पिसेपर्यंत बाजूस पडतात, म्हणून पुढच्या डावाची संभाव्यता मागच्या डावांवर अवलंबून राहते. शिल्लक पानांत एक्के आणि दहा गुणांची पाने अधिक असली की वाटणाऱ्याची बेरीज एकवीसच्या पलीकडे जाण्याचा संभव वाढतो, दीडपटीची जोडीही अधिक वेळा येते, आणि तराजू खेळाडूकडे झुकतो. दुर्री ते छक्की ही पाने अधिक राहिली की तो जुगारगृहाकडे झुकतो.

रॉजर बाल्डविन आणि त्यांचे तीन सहकारी अमेरिकन सैन्यात असताना त्यांनी साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून या खेळाची इष्टतम रीत ठरविली आणि ती १९५६ साली अमेरिकन संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात पानांची गणना नव्हती. ती एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आणली. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेतील ‘आयबीएम ७०४’ या संगणकावर त्याने प्रत्येक पान कमी झाल्याचा परिणाम काढला. त्याचा ‘बीट द डीलर’ हा ग्रंथ १९६२ साली निघाला. त्यातील प्रमुख पद्धती दहा गुणांच्या पानांची होती. एका कॅटमध्ये अशी पाने १६ आणि इतर ३६. छत्तीसास सोळांनी भागले की २.२५ येतात. दोन्ही संख्या मनात उलट्या मोजीत जावयाच्या आणि प्रत्येक डावापूर्वी भागाकार करावयाचा, भागाकार २.२५ च्या खाली गेला म्हणजे रक्कम वाढवावयाची. पद्धती बिनतोड होती, पण हिरव्या मेजाशी बसून दोन संख्या सांभाळीत दशांश अपूर्णांक काढणे हे गणिताच्या प्राध्यापकासच शोभणारे काम. लास वेगासच्या जुगारगृहांनी घाबरून १९६४ च्या एप्रिलमध्ये नियम कडक केले. गिऱ्हाईक कमी झाल्याने थोड्याच आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. हा ग्रंथ वाचणारे हजारो होते आणि त्यातील पद्धती खरोखर पेलणारे थोडे, हे जुगारगृहांना तोवर उमगले नव्हते.

तोडगा हार्वे डब्नर याने १९६३ साली सुचविला. दुर्री ते छक्की यांपैकी पान पडले की एक मिळवावयाचा. दहा गुणांचे पान किंवा एक्का पडला की एक वजा करावयाचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांकडे पाहावयाचेच नाही. ही ‘हाय-लो’ पद्धती. ज्युलियन ब्रॉन याच्या संगणकीय आकडेमोडीने तिला पक्के रूप मिळाले आणि थॉर्पने १९६६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिचा समावेश केला. दोन संख्यांच्या जागी एक धावती बेरीज आली. अनेक कॅट एकत्र मिसळून खेळत असतील तर त्या बेरजेस शिल्लक कॅटांच्या संख्येने भागावे लागते. बेरीज सहा असून तीन कॅट शिल्लक असतील तर खरी किंमत दोन. शिल्लक कॅट किती हे मात्र मोजावयाचे नसते. बाजूस पडलेल्या पानांच्या थप्पीकडे पाहून नजरेने ठरवावयाचे असते. ऋतुपर्णाची विद्या येथे पुन्हा उपयोगास आली आहे.

यानंतर सुमारे वीस वर्षे सूक्ष्मतेची चढाओढ चालली. ‘हाय-ऑप्ट द्वितीय’ पद्धतीत दुर्री, तिर्री, छक्की आणि सत्ती यांना एक गुण, चौकी व पंजी यांना दोन, दहा गुणांच्या पानांना उणे दोन, एक्क्यास शून्य. केनेथ उस्टनने १९८१ च्या आपल्या ग्रंथात दिलेल्या प्रगत पद्धतीत पंजीस तीन आणि दहा गुणांच्या पानास उणे तीन. एक्क्यास शून्य देण्याचे कारण मनोवेधक आहे. रक्कम वाढवावी की नाही हे ठरविताना एक्का मोठ्या पानासारखा वागतो, कारण दीडपटीची जोडी त्याच्याशिवाय होत नाही. हाती आलेला डाव कसा खेळावा हे ठरविताना मात्र तो लहान पानासारखा वागतो. त्यास एकच गुण दिला तर एका कामात तरी तो दिशाभूल करणारच. म्हणून सूक्ष्म पद्धतीत त्यास बेरजेबाहेर ठेवतात आणि एक्के किती गेले ही वेगळी गणना चालवितात.

या चढाओढीचा न्यायनिवाडा करण्याचे साधन पीटर ग्रिफिन या गणितज्ञाने १९७९ साली ‘द थिअरी ऑफ ब्लॅकजॅक’ या ग्रंथात दिले. त्याने पद्धतीच्या दोन शक्ती वेगळ्या केल्या : रक्कम केव्हा वाढवावी हे सांगण्याची आणि पान कसे खेळावे हे सांगण्याची. पूर्ण शक्ती एक धरली तर ‘हाय-लो’ची पहिली शक्ती ०.९७ आणि दुसरी केवळ ०.५१ भरते. ‘हाय-ऑप्ट द्वितीय’ची दुसरी शक्ती ०.६७ आहे, परंतु एक्क्यांची वेगळी गणना न केल्यास पहिली ०.९१ वर घसरते. एकाच बेरजेवर चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीची दुसरी शक्ती सुमारे ०.७० च्या पलीकडे नेता येत नाही, हेही ग्रिफिनने दाखविले. येथे सूक्ष्मतेची वाढ आपल्या छतास भिडली.

मग निवड कशी करावयाची? याचे उत्तर आकड्यांत नाही, खेळाच्या परिस्थितीत आहे. एकाच कॅटवर, हातात पाने घेऊन, जवळजवळ शेवटपर्यंत वाटणी होत असेल तर पान कसे खेळावे याला महत्त्व येते आणि सूक्ष्म पद्धती आपले मोल दाखविते. सहा अथवा आठ कॅट एका पेटीत भरून वाटले जात असतील तर एकेका पानाचा परिणाम विरून जातो. बहुतेक सर्व लाभ अनुकूल वेळी रक्कम वाढविण्यातून येतो, आणि त्या कामात स्थूल पद्धती मुळातच ०.९७ वर आहे. डॉन श्लेसिंजर याने १९८६ साली याहून पुढची गोष्ट सिद्ध केली. गणनेनुसार खेळ बदलण्याचे शेदीडशे प्रसंग पाठ करण्याची प्रथा होती. अनेक कॅटांच्या खेळात त्यांपैकी निवडक अठरा पाठ केले तरी त्यांतील बहुतांश लाभ पदरात पडतो. आपल्या हाती ज्या रंगाची मधली पाने आहेत तेथील पोकळ्याच ध्यानात ठेवाव्या, हा गंजिफेच्या खेळाडूचा विवेक आणि श्लेसिंजरचे अठरा प्रसंग यांत तत्त्वतः भेद नाही.

प्रत्यक्ष इतिहासही याच दिशेने गेला. आर्नोल्ड स्नायडरची ‘रेड सेव्हन’ १९८३ साली आली, आणि वानकुरा व फुक्स यांच्या ‘नॉक-आउट’ पद्धतीचा ग्रंथ १९९८ साली. दुसरीत सत्तीसही एक गुण दिल्याने एका कॅटची बेरीज शून्यावर न येता चारावर येते. ही असमतोल बेरीज दोष नसून युक्ती आहे; तिच्यामुळे भागाकारच टळतो. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील विद्यार्थ्यांचे जे गट नंतर गाजले त्यांनीही ‘हाय-लो’च वापरली. कारण उघड आहे. एकाने मोजावे, खुणेने दुसऱ्यास सांगावे आणि त्याने रक्कम लावावी, अशी वाटणी असता बेरीज एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात बिनचूक गेली पाहिजे. गुंतागुंतीची गणना एकट्याची मिरास असू शकते, गटाची नाही.

सूक्ष्म पद्धतीच्या कैवाऱ्यांचे एक म्हणणे मात्र न्यायाने नमूद केले पाहिजे. सरावाने पेललेली सूक्ष्म पद्धती स्थूल पद्धतीहून कधीही कमी फळ देत नाही, हे खरे आहे. परंतु हा सराव घरच्या मेजावर होतो. जुगारगृहात गोंगाट असतो, वाटणाऱ्याचा हात चपळ असतो, आणि गणना चालली आहे हे चेहऱ्यावर दिसू न देण्याचेही काम असते. तासाला चारदोन चुका झाल्या की सूक्ष्मतेने मिळविलेले अंश चुकांत वाहून जातात. शिवाय प्रतिपक्ष स्वस्थ बसत नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली उस्टनच्या दाव्यात असा निर्णय दिला की, गणना करतो एवढ्याच कारणाने जुगारगृहास खेळाडूला बाहेर काढता येणार नाही. त्यावर जुगारगृहांनी कॅट वाढविले आणि पाने लवकर पिसण्यास प्रारंभ केला. पुढे सतत पिसणारी यंत्रे आली. त्यांच्यापुढे कोणतीच गणना चालत नाही. दीडपटीऐवजी शंभरास एकशेवीस देणारी मेजे आली. त्या एका बदलाने जुगारगृहाचा वाटा शेकडा सुमारे १.४ ने वाढतो. अशा मेजावर कोणती पद्धती वापरावी हा वाद घालणे म्हणजे बुडत्या होडीत वल्ह्यांच्या लांबीची चर्चा करणे होय.

हे सर्व आपल्यापासून दूर वाटत असेल तर हैदराबादच्या एका खटल्याकडे पाहावे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि मराठवाड्याचे इतर जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याचा जुगारविषयक कायदा फसली सन १३०५ चा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर येथे मुंबईचा १८८७ चा कायदा आला. तेलंगणात मात्र निजामी कायदा चालू राहिला. त्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दिलेल्या निवाड्यात रमी हा केवळ नशिबाचा खेळ नाही असे ठरले. तीन पत्तीचा खेळ निव्वळ दैवाधीन आहे. रमीत मात्र पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे यास कौशल्य लागते, असा त्याचा आशय आहे. ज्या मानसिक क्रियेचा आपण येथवर विचार केला, तिलाच न्यायालयाने कौशल्याची एक खूण मानले. किती पाने ध्यानात ठेवली म्हणजे कौशल्य झाले, असा प्रश्न न्यायालयाने विचारला नाही. स्थूल स्मरणही त्यास पुरेसे वाटले असावे.

एकवीस खेळाच्या वाट्यास आपल्याकडे हा विचार आलाच नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोविषयक नियंत्रणाचा व कराचा कायदा संमत केला. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ साली विधिमंडळाने तो रद्द केला. गोव्यात त्याच १९७६ सालच्या जुगारबंदी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांस आणि मग जहाजांवरील मेजांस अपवाद मिळाला. मांडवीतल्या त्या जहाजांवर एकवीस खेळला जातो तो कौशल्याचा खेळ म्हणून नव्हे, तर परवान्याचा जुगार म्हणून. आणि संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर जी बंदी संमत केली तिच्यात कौशल्य व दैव हा भेदच ठेवलेला नाही. सिकंदराबादच्या निवाड्यात पानांच्या स्मरणाला जे स्थान मिळाले होते, ते ऑनलाइन रमीपुरते तरी या कायद्याने काढून घेतले आहे.